सरांचा सांधा

सर गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारातल्या फलकावर कोणीतरी रंगीत खडूनं लिहिलं, 'बालकांचे देवदूत'. मी वाचलं आणि मला त्या गडबडीतही हसू आलं. देवदूताच्या तोंडी इतक्या शिव्या असतात हे मला नवीन होतं. सर जन्माचे बडोद्याचे. मराठी अगदी जुन्या वळणाची, 'आपण बसावे', 'मला असे वाटते' अशी. पण निम्मं आयुष्य सुरतेत काढल्यामुळे शिव्या मात्र अस्सल सुरती. एकाच वाक्यात दोन्ही यायचं. 'आपण कृपा करून' असं सुरू झालेलं वाक्य कुणाच्या आईबहिणीवर जाऊन संपेल याचा नेम नसे. सुरतेत शिवी कोणी मनावर घेत नाही म्हणून खपून गेलं. पुण्यात आठवडाभरही टिकले नसते.

मी त्यांच्या हाताखाली नव्हते हे आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतः मला हाताखालचीच समजत. ते लहान मुलांच्या मूत्रमार्गाचे सर्जन, मी त्याच ट्रस्टच्या हॉस्पिटलात सोनोग्राफीची डॉक्टर. ते आत शिवायचे आणि शिवलेलं नीट चाललंय की नाही ते मी बाहेरून बघायची. शिंपी आणि त्याची उसवण शोधणारा अशा दोघांना एका घरात ठेवलं तर जे होईल ते आमचं व्हायचं. ते मला 'मशीनवाल्या बेन' म्हणत. बेन म्हणजे ताई. इथं बाईमाणसाला सरसकट लावतात, त्यात काही नाही. पण 'मशीनवाल्या' हा शब्द ते अशा स्वरात उच्चारत की मी पिठाची गिरणी चालवते असं ऐकणाऱ्याला वाटावं.

त्यांचा स्वतःचा विश्वास होता पत्र्याच्या डब्यावर. खरंच डबा, तेलाचा, वरचं तोंड कापून कडा ठोकून बसवलेला. ओपीडीच्या मागच्या पडवीत तो कायम ठेवलेला असे. ज्या मुलग्यांच्या लघवीच्या वाटेचं ऑपरेशन झालंय त्यांनी तपासणीला आल्यावर आधी त्या डब्यात शू करायची. सर तेव्हा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहत. 'बघितलं की पोराची धार लाजते,' म्हणत. ते फक्त ऐकायचे. पत्र्यावर धार किती जोरात सुरू होते, मध्ये तुटते का, शेवटचे थेंब किती रेंगाळतात. पोरांच्या आया पदराआड हसत, बाप उगाच मोबाइल काढून बघत बसत. डबा खणखणीत वाजला की सर भिंतीलाच सांगत, 'सरस! घेऊन जा घरी.' नाही वाजला तर वळून मुलाच्या डोक्यावर हात ठेवत. तो हात डोक्यावर आला म्हणजे ऑपरेशनच्या जागी वाट पुन्हा आवळत चाललीय, हे वॉर्डातल्या मावश्यांनाही कळायचं.

हसण्यावारी नेण्यासारखा तो कान नव्हता. एकदा वराछाच्या एका हिरेवाल्याचा मुलगा आला. ऑपरेशन होऊन काही महिने झालेले, सगळे रिपोर्ट स्वच्छ, माझासुद्धा. बापाला घाई होती. डब्यात धार वाजली आणि मला ती चांगली वाटली. सर भिंतीला म्हणाले, 'हा पोरगा जोर लावतोय. ही धार पोटानं ढकललेली आहे.'

'साहेब, रिपोर्ट तो नॉर्मल छे,' बाप म्हणाला.

'रिपोर्टला मुतायचं नसतं,' सर म्हणाले आणि पुढे जे म्हणाले ते इथं लिहिता येत नाही. दुर्बिणीनं बघितलं तर आत व्रण धरून वाट सुईच्या नाकाएवढी झालेली. आणखी थोडे महिने गेले असते तर मुलाच्या दोन्ही किडन्यांवर बेतलं असतं. बापानं पाय धरले, मीही मनातल्या मनात धरले. ते पहिलं ऑपरेशन दुसऱ्याच कुठल्या तरी डॉक्टरनं केलेलं होतं, याचा अर्थ त्या दिवशी माझ्या ध्यानात आला नाही.

त्यांच्या टेबलाच्या खणाच्या मुठीला टाक्यांचा दोरा बांधलेला असे. पेशंटची आई बोलायला लागली की सर डाव्या हातानं त्या दोऱ्याला गाठी मारू लागत. एकावर एक, सारख्या, न बघता. आई बोलायची, सर गाठी मारायचे. बाया हळूहळू त्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून बोटांकडे बघून बोलायला लागत. दोरा संपला की वेळ संपली. मग सर वर बघत आणि विचारत, 'डावी की उजवी?' मुलाचं नाव त्यांना कधीच लागत नसे. मुलं म्हणजे डावी किडनी, उजवी किडनी आणि डबेवाले. वर्षानुवर्षं येणाऱ्या मुलांचीही नावं त्यांना ठाऊक नसत. आई बिचारी सांगायची, साहेब, याचं नाव अमुक. सर म्हणत, 'नावाला काय करू? नावाला मूत येत नाही.'

डब्याला एक गोष्ट मात्र ऐकू येत नसे. वर, किडनीच्या तोंडाशी काय चाललंय ते. किडनीतून नळी निघते तिथंच काही मुलांत जन्मतः चिमटा असतो. लघवी तुंबते, किडनी फुगते. सर तो चिमटलेला तुकडा कापून काढत आणि दोन टोकं पुन्हा जोडत. हा सांधा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इतक्या बारीक नळीचा, इतक्या बारीक दोऱ्यानं, आणि बघत राहावं असा. मुंबईहून डॉक्टर बघायला यायचे. पण ऑपरेशननंतर फुगलेली किडनी लगेच बसत नाही. कित्येक महिने सैल पडून राहते. ती नुसती सैल आहे, की सांधा आवळून लघवी पुन्हा अडतेय, हे ओळखणं ही खरी मेख. अडली असेल तर लवकर कळलं पाहिजे, कारण अडलेली किडनी बोंब मारत नाही, गुपचूप वाळते.

सर शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगत, 'फुगलेली म्हणजे अडलेली नव्हे.' वाक्य सोळा आणे खरं. त्या वाक्यामुळे कित्येक मुलांच्या पोटावर विनाकारण दुसऱ्यांदा सुरी चालली नाही. दुसरं वाक्य ते हसवायला सांगत. 'सर्जनला आपला सांधा म्हणजे आपली लेक. तिच्यात खोट काढणाऱ्याचं तो तोंड बघत नाही. म्हणून ज्यानं शिवलंय त्याला अडलंय का म्हणून कधी विचारू नका.' वर्ग हसायचा, मीही हसायची. हे ते जगातल्या बाकीच्या सर्जनांबद्दल सांगत असत. स्वतःबद्दल त्यांचं तिसरं वाक्य होतं, 'माझा सांधा बंद पडत नाही.' आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच त्याचा अर्थ. जगात सगळ्यांचे काही सांधे बंद पडतात. सरांच्या मुलांना मात्र ऑपरेशननंतर पोटात दुखलं तर जंत असत, नाहीतर गॅस, नाहीतर शाळेचा कंटाळा.

कडोदऱ्याची बाई माझ्या खोलीत आली ती योगायोगानं. नवरा पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला, मूळ गाव साक्रीकडे, राहायला कडोदऱ्यात एका खोलीत. मुलगा नुकता शाळेत जायला लागलेला. आधीच्या वर्षी सरांनी त्याच्या डाव्या किडनीचा सांधा केला होता. ती दर खेपेला घराजवळच्या एका छोट्या सेंटरमधून सोनोग्राफी करून आणायची, ती दर खेपेला स्वच्छ असायची, सर दोरा संपवून 'सरस' म्हणायचे आणि ती परत जायची. त्या दिवशी त्या सेंटरची मशीन बिघडली होती म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे तिची अहिराणी ऐकून मला बरं वाटलं आणि मी अहिराणीतच बोलले, तशी तीही खुलली.

मुलाला टेबलावर घेतलं. ओठ सुकलेले, जीभ कोरडी. पडद्यावर किडनी स्वच्छ, मूत्राशय रिकामं.

'याले पानी कवय पाजं व्हतं?' मी विचारलं.

'काल रातपाइन थेंब नही देयेल, मॅडम,' ती अभिमानानं म्हणाली. 'एकदम उपाशी लई येल शे.'

'कोणी सांगितलं उपाशी आणायला?'

तिनं जे सांगितलं ते मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मुलगा रडला म्हणून तिनं त्याला दोन घोट पाणी दिलं होतं. भूल देणाऱ्यांना ते कळलं, ऑपरेशन पुढं ढकललं आणि सरांनी भर वॉर्डात तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. 'दवाखान्यात आणताना पोटात थेंब जायला नको, समजलं?' ते त्या एका दिवसाबद्दल बोलले होते. तिनं ते कायमचं गाठीला बांधलं. त्यानंतर दवाखान्यात म्हणून ती जेव्हा जेव्हा निघाली, मग ते सोनोग्राफीला असो की टाके दाखवायला, मुलाला आदल्या रात्रीपासून कोरडं ठेवून निघाली. हुकूम पाळायची सवय असलेल्या माणसांचं असंच होतं. आम्ही त्यांना काय कधीपर्यंत पाळायचं ते सांगत नाही, ते विचारत नाहीत.

'तसा बी तो पानी कमीच पेस,' ती म्हणाली. 'जास्ती पिना का पोट दुखस. उसाचा रस पिना तवय तं लोळना. मंग मीच कमी देस.'

सांधा पूर्ण बंद नसला आणि नुसता आवळलेला असला तर असंच होतं. मूल कोरडं असलं की जेवढी थोडी लघवी होते ती सुटून जाते आणि चित्र स्वच्छ दिसतं. मूल भरपूर पाणी प्यालं की ती अरुंद वाट पुरत नाही. म्हणजे दर खेपेला आम्ही बघत होतो ती किडनी आईनं आमच्यासाठी रिकामी करून आणलेली होती.

मी सरबत मागवलं. सरबत बघून मुलगा आईच्या मागे लपला. 'पानी नहीं पीना, मम्मी, पानी नहीं,' असा हिंदीत रडायला लागला. पाण्याला घाबरणारं मूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आईनं मांडीवर घेऊन, गोडीगुलाबीनं, शेवटी दटावून पाजलं. थोड्या वेळानं त्यानं डावी कूस धरली, पाय पोटाशी घेतले आणि ओकला. मी पुन्हा पोटावर प्रोब ठेवला. मघाची शहाणी किडनी पडद्यावर टम्म फुगली होती. मी स्क्रीन बाईकडे वळवली आणि दोन्ही चित्रं दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

मी तिला आणि चित्रांना घेऊन सरांकडे गेले. सर गाठी मारायला लागले.

'पाणी पाजून तुम्हीच फुगवलीत,' ते म्हणाले.

'सर, मुलं पाणी पितात. पाणी पिणं हा काही गुन्हा नाही.'

'फुगलेली म्हणजे अडलेली नव्हे, बेन. किती वर्षं झाली ऐकताय?'

'म्हणूनच म्हणते, लघवीचं इंजेक्शन देऊन स्कॅन करून घ्या. अडलीय की सैल आहे ते त्यात कळेल. चुकले तर कान धरीन.'

त्यांनी दोरा सोडला, बाईकडे वळले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, 'मॅडमची मशीन नवी आहे, त्यांना सगळं मोठं दिसतं. जंताचं औषध देतो. दिवाळीनंतर या.' आणि हसले. सर हसले म्हणून बाईही हसली. मला आजही सरांपेक्षा त्या हसण्याचा राग येतो, आणि तो राग अन्यायाचा आहे हे मला कळतं.

बाहेर मी तिला अडवलं. दुसऱ्या एका सर्जनचं नाव सांगितलं, तुझ्याबरोबर मी येते म्हटलं. तिनं मान हलवली. 'ज्यानं पोट उघडं, त्यानंच देखाले पाहिजे. दुसरा कसाले हात लावी?' आमच्याकडे ही समजूत पक्की. एका विहिरीत उतरलेला गडीच तिचा गाळ काढणार, तसं. मी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सरांचं काम सर जाणे. संध्याकाळी सरांच्या कानावर गेलंच. ते चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाले, 'कानामागून आली आणि तिखट झाली.' ते असे बडोद्याच्या मराठीत बोलले की जास्त लागत असे.

ती दिवाळीनंतर आली नाही. गावी सासरा आजारी पडला, तिकडेच अडकली. मी दोनदा नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब दिवाळीनंतर बोलले ना, येऊ. आली तेव्हा मुलगा तापानं फणफणत होता आणि लघवीत पू होता. आता मात्र स्कॅन झाला. डाव्या किडनीच्या जागी काही उजळतच नव्हतं. ती काढण्यापलीकडे इलाज उरला नव्हता. सरांनी स्वतःच ती काढली. ऑपरेशन करून बाहेर आले तेव्हा माझ्या बाजूनं गेले, बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला वॉर्ड भरलेला होता. सर खाटेपाशी उभे राहिले. बाई उठून उभी राहिली.

'आपण या मुलाला पाणी पाजत नव्हता?' सर म्हणाले.

तिनं मुलाच्या अंगावरची चादर सारखी केली.

'आपण मुलाला सुकवलंत. महिनोन् महिने सुकवलंत. किडनी आपण घालवलीत. आई म्हणवता ना स्वतःला?'

त्या दिवशी त्यांनी एकही शिवी दिली नाही. मला तेव्हाच कळलं की ते ठरवून बोलताहेत. बाई वाकली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, 'चुकनं, साहेब.' सरांनी तिला उठवलंही नाही. पुढच्या खाटेकडे गेले. सगळं खापर एका बाईच्या डोक्यावर फुटलं आणि वॉर्डातल्या बाकीच्या बाया तिच्याकडे अशा बघायला लागल्या की जणू तिनं पोराला विकून खाल्लं होतं. मी संध्याकाळी तिच्याजवळ बसले आणि स्वच्छ सांगितलं, यात तुझा दोष नाही, तुला उपाशी आणायला इथंच शिकवलं आणि अडलंय हे सांगूनही इथंच ऐकलं नाही. ती म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या, मॅडम.' मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मी रागानं उठून आले. देव मानलं की माणसाचा मेंदू बंद होतो, असं काहीतरी मी मनात म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ओपीडीत माठ आला. मोठा, लाल मातीचा, तोटीचा, बाजूला स्टीलचे पेले. सरांनी स्वतःच्या पैशानं आणला. हुकूम निघाला की ऑपरेशन झालेलं कुठलंही मूल सोनोग्राफीला जाण्याआधी या माठातलं पाणी पोटभर पिईल आणि घरून कोणीही मुलाला उपाशी आणणार नाही. जो डॉक्टर कोरड्या मुलाची तपासणी करील त्याची सर सुरतीत पूजा बांधत. मी एकदा मुद्दाम विचारलं, 'सर, हा माठ कसा काय सुचला?'

'उन्हाळा आहे, बेन,' ते म्हणाले.

पोंकाचे, म्हणजे थंडीतल्या हुरड्याचे दिवस होते. टेबलावर कोवळ्या ज्वारीची पुडी उघडी होती आणि अंगात स्वेटर होता.

'माझा सांधा बंद पडत नाही' हे वाक्यही त्यांच्या तोंडून गेलं. जुन्या मुलांना त्यांनी निरोप धाडून बोलावलं, पाणी पाजून तपासायला लावलं आणि ज्यांचे सांधे आवळत होते ते गाजावाजा न करता पुन्हा केले. त्या मुलांच्या किडन्या वाचल्या. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. माठ आणण्याइतकं कळलं होतं, जुनी मुलं शोधण्याइतकं कळलं होतं. फक्त एका बाईला 'चूक तुझी नव्हती' एवढं म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. माझ्यापाशी त्यांच्याबद्दल कितीतरी चांगलं सांगण्यासारखं आहे. पण कुठूनही सुरुवात केली तरी मी त्या खाटेपाशी येऊन पोचते. पुढे नवे डॉक्टर त्याला 'सरांचा माठ' म्हणायला लागले. बाहेरच्या परिषदेतसुद्धा कोणीतरी त्याचं कौतुक केलं म्हणे.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. ज्या माणसाला एकाही मुलाचं नाव ठाऊक नव्हतं, त्याला या मुलाचं नाव पाठ झालं. बाई दारात दिसली की सर गर्दीतून नावानं हाक मारत, मुलाला आधी आत घेत, उजव्या बाजूला स्वतः हात ठेवून बघत. बाईही वर्षानुवर्षं न चुकता यायची. तिचा नंबर लवकर लागायचा, पण ती लगेच जायची नाही. माठापाशी थांबायची, पेले भरून दुसऱ्या मुलांना द्यायची आणि त्यांच्या आयांना सांगायची, 'पाजा, बाई, पाजा. मी नही पाजं, माना पोऱ्यानी किडनी गई.' मी खोलीच्या दारातून ते ऐकायची आणि माझ्या अंगाची लाही व्हायची. सर तिच्या बाजूनं जात. थांबत नसत, पण तिला बोलू देत. मला वाटायचं, निदान तिला गप्प तरी करा. तेवढीही लाज नाही का माणसाला?

मागच्या वर्षी सर झोपेतच गेले. ट्रस्टच्या हॉलमध्ये बेसणं होतं. इथली रीत अशी की सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं, फोटोला हात जोडायचे, थोडा वेळ गप्प बसायचं आणि उठून जायचं. मीही गेले. बायकांच्या बाजूला शेवटच्या ओळीत कडोदऱ्याची बाई बसली होती, शेजारी मुलगा, आता मिसरूड फुटलेला. बाई रडत होती. सरांच्या घरच्यांनीही तेवढे डोळे पुसले नसतील इतकी रडत होती. कोणीतरी कौतुकानं म्हणालंही, जुओ, बघा, पेशंटचं किती प्रेम! मला ते बघवेना. ती उठली तशी मी तिच्या मागोमाग बाहेर आले. मुलगा रिक्षा बघायला पुढे गेला. चपलांच्या ढिगापाशी मी तिला गाठलं.

'ते आता गेले. आतातरी ऐकून घे,' मी म्हटलं. 'किडनी तू नाही घालवलीस. सरांनी घालवली. किती वर्षं उगाच स्वतःला दोष देत फिरतेस?'

ती चपला शोधत होती. वर न बघताच म्हणाली, 'माले म्हाइत शे, मॅडम.'

'काय माहीत आहे?'

'तुम्ही पोराले पानी पाजं, किडनी फुगनी, मी माना डोयानं देखी. त्यास्नी औषध दिधं जंताचं. मी काय आंधळी शे का?'

'मग पाया कसाले पडलीस? त्या माठापाशी उभी राहून काय सांगत होतीस लोकांना?'

तिला चपला सापडल्या. त्या पायात सरकवून ती सरळ उभी राहिली. 'बोलनी असती तं ते म्हणते, जा दुसरीकडे. कुठे जाऊ? एक तं गई व्हती. दुसरीले डॉक्टर लागनारच व्हता ना? त्यास्नी चूक माना पदरमा टाकी, मी लई लिधी. येवढ्या मोठ्या मानसाची चूक आपुन पदरात घेतली, का मंग तो आपल्याले दारातून परत धाडत नही. देखा ना तुम्ही. गर्दीतून नावानं हाक मारायचे. याले ताप उना तं रातले गाडी धाडायचे. इतकी वरीस धाडी. मी माठापाशी बोलू तवय त्यास्ले ऐकू जायचं. जावाले पाहिजे, म्हनूनच बोलू.'

आत भजन सुरू झालं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा तिचे डोळे भरले.

'आता मी आहे ना,' मी म्हटलं. 'आणि सरांच्या जागी नवे डॉक्टर आलेत. हुशार आहेत, स्वभावानंही चांगले आहेत.'

'असतीन,' ती म्हणाली. 'पन त्यास्नी माना पोऱ्याचं काय वाईट करेल शे? ते आम्हले पहिले कसाले बोलावतीन?'